बिलावर नाव कोणाचे?

एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघे लेकीकडे इंग्लंडला गेलो. ती तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. जुन्या लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची ओळ, त्यातले दोन खोल्यांचे भाड्याचे घर आणि सात वर्षांचा नातू. जावई मालवाहू बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. फरक एवढाच, की चूल आता दापोली-चिपळूणऐवजी तिकडे पेटते.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना लेक गप्प गप्प वाटली. खोदून विचारल्यावर तिने फ्रीजवर अडकवलेला एक कागद काढून दिला. कौन्सिल टॅक्सचे वर्षाचे बिल होते. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहते म्हणून त्यात २५ टक्के सूट होती. बरोबर काम करणाऱ्या एकीने तिला सांगितले होते, की घरी दोन मोठी माणसे राहायला आली की ही सूट जाते. "अम्मी, तू मनावर घेऊ नकोस. अब्बा, तुम्हीही नका घेऊ," असे ती म्हणाली, पण आम्ही मनावर घेतले. सहा महिने नातवाजवळ राहायला आलेल्या आई-बापामुळे लेकीच्या डोक्यावर कराचा बोजा वाढावा, हे कोणाला आवडेल?

मग आम्ही तो कागद समोर ठेवून बसलो. पुढचे दोन आठवडे माहिती वाचली, कौन्सिलच्या कचेरीत चौकशी केली, शेजाऱ्यांशी बोललो. त्यातून जे कळले ते येथे लिहीत आहोत. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले नोकरीसाठी, शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्या घरात हे बिल येतेच, आणि बहुतेक जण ते न वाचता भरतात किंवा न वाचता बाजूला ठेवतात. दोन्ही चुकीचे आहे.

आपली घरपट्टी आणि तिथली

आपल्याकडे घरपट्टी म्हणजे मालकाची बाब. आमच्या गावच्या घराची पावती आजही आजोबांच्या नावाने फाटते आणि आम्ही भाऊ मिळून ती भरतो. भाडेकरूला घरपट्टीचे पत्र येत नाही. मालकाने ती भाड्यात धरली तर धरली.

तिथे उलट आहे. कौन्सिल टॅक्स हा मुख्यतः घरात राहणाऱ्यावर बसतो. लेकीने घर घेतले तेव्हा किल्ली देणाऱ्या एजंटाने तोंडी सांगितले होते, "सगळे भाड्यात आले." ती आपल्याकडच्या समजुतीने निर्धास्त राहिली. नावाऐवजी नुसते 'येथे राहणाऱ्यास' असे लिहिलेली दोन पाकिटे आली, ती तिने न उघडता ठेवून दिली. तिसरे पाकीट तिच्या नावाने आले आणि त्यात घर घेतल्या दिवसापासूनची आकारणी होती. भाडेकरार काढून पाहिला तर कर भाडेकरूने भरायचा, असे स्वच्छ लिहिलेले. एजंट म्हणाला, "मी असे बोललोच नव्हतो."

कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आम्ही मुलांना लहानपणी शिकवले होते. परमुलखात गेल्यावर त्याचा अर्थ पुन्हा शिकावा लागला. बोलणे लिहून घ्या आणि लिहिलेले वाचा.

जबाबदारीची उतरंड

कर कोणी भरायचा याची तिथल्या कायद्यात एक उतरंड आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती अशी: घराचा मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर तो. तसे नसेल तर तिथे राहणारा दीर्घ मुदतीचा पट्टेदार. तोही नसेल तर तिथे राहणारा भाडेकरू. त्यानंतर केवळ परवानगीने राहणारा, आणि त्यानंतर जो कोणी राहत असेल तो. घरात कोणीच कायम राहत नसेल तर मग मालक. वरून खाली येताना जो पहिला सापडेल त्याच्या नावाने बिल निघते. १८ वर्षांखालील मुलावर जबाबदारी कधीच येत नाही.

यात दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. एकाच पायरीवर दोघे-तिघे असतील, उदाहरणार्थ करारावर तिघा मित्रांची नावे असतील, तर जबाबदारी संयुक्त असते. म्हणजे कौन्सिल पूर्ण रक्कम तिघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकते. "मी माझा तिसरा हिस्सा भरला" हे उत्तर चालत नाही. म्हणून अशा घरातल्या मुलांनी आपापसात कोण किती भरणार हे आधीच कागदावर ठरवावे.

दुसरी गोष्ट आपल्या लेकी-सुनांसाठी. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर करारावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी बायकोही जबाबदार असते. मिळवते कोण, हे कौन्सिल विचारत नाही. घर सांभाळणाऱ्या, हातात पगार न येणाऱ्या सुनेच्या नावानेही कोर्टाचे समन्स येऊ शकते. ज्या दिवशी ती ते घर कायमचे सोडते त्या दिवसापुढच्या करासाठी तिला धरता येत नाही, पण घर सोडल्याची तारीख तिने स्वतः कौन्सिलला कळवली पाहिजे. म्हणून घरात आलेले बिल दोघांनीही पाहावे, अशी आमची विनंती आहे. "हे तुझ्या डोक्याचे काम नाही" असे म्हणून ते कपाटात ठेवणाऱ्या नवऱ्यांना तर विशेष विनंती.

एका घरातल्या खोल्या वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या कराराने दिल्या असतील आणि स्वयंपाकघर सामाईक असेल, तर मात्र कर मालकाने भरायचा. पूर्वी अशा घरातल्या एकेका खोलीला स्वतंत्र बिल येण्याचे प्रकार घडत. इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २०२३ पासून असे सामाईक घर एकच मालमत्ता धरले जाते. नवीन गेलेल्या मुलांची सुरुवात बहुधा अशाच खोलीतून होते. त्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरात कोण मोजला जातो

पूर्ण कर दोन प्रौढ माणसे गृहीत धरून ठरवलेला असतो. मोजण्यासारखा एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट मिळते. पूर्ण वेळ शिकणारे विद्यार्थी या मोजणीत धरत नाहीत. घरातले सगळेच असे विद्यार्थी असतील तर कर पूर्ण माफ होतो, पण विद्यापीठाचा दाखला देऊन तो माफ करून घ्यावा लागतो. चार विद्यार्थ्यांमध्ये एक नोकरदार राहायला आला, तर बिल त्या नोकरदाराच्या नावाने येते, २५ टक्के सूट वजा करून. परदेशी विद्यार्थ्याबरोबर गेलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्यास किंवा सरकारी मदत घेण्यास बंदी असेल, तर तोही मोजणीत येत नाही. हे अनेकांना माहीत नसते आणि ते उगाच कर भरत राहतात.

येथे एक धोक्याची सूचना. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना करात मिळणारी वेगळी कपात असते. तिला 'कौन्सिल टॅक्स रिडक्शन' म्हणतात. ज्यांच्या व्हिसावर सरकारी निधी घेण्यास मनाई आहे, त्यांच्यासाठी ही कपात त्या मनाईत येते. ती घेतली तर पुढे व्हिसाला अडचण होऊ शकते. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी मात्र त्या मनाईत येत नाही. नावे सारखी वाटतात, पण गोष्टी वेगळ्या आहेत. अर्जावर खूण करण्याआधी आपण नेमके काय मागतो आहोत हे वाचावे.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. कौन्सिलच्या कचेरीतल्या बाईंनी शांतपणे विचारले, "तुमचे कायमचे घर कोठे आहे?" आम्ही म्हणालो, कोकणात. "मग तुम्ही पाहुणे. तुम्हाला मोजत नाही." ज्याचे एकमेव किंवा मुख्य घर तेच आहे, तोच तिथला रहिवासी. आमच्या छातीवरचा दगड उतरला.

पण त्यांनी पुढे विचारले, "मुलाचे वडील कोठे राहतात?"

लेकीने सांगितले, की ते बोटीवर असतात. सुट्टीत कोठे येतात? याच घरी. कपडे, कागदपत्रे, टपाल कोठे असते? याच घरी. बाईंनी मान हलवली. जहाज हे कोणाचे राहण्याचे घर होऊ शकत नाही. वर्षातला मोठा काळ समुद्रावर घालवणाऱ्या खलाशाचे मुख्य घर तो परत येतो तेच, असे तिथल्या न्यायालयाने १९९१ मध्ये ब्रॅडफर्डच्या एका खटल्यात ठरवले आहे. म्हणजे घरात प्रत्यक्ष बसलेले आम्ही दोघे हिशेबात नव्हतो, आणि हजारो मैलांवर अटलांटिकमध्ये असलेला जावई होता!

घरी आल्यावर तिघेही गप्प होतो. कचेरीत नाव-पत्ता कोणी लिहून घेतला नव्हता. सूट जशी होती तशी चालू राहिली असती. लेकीने मुद्दाम खोटे काही सांगितले नव्हते. "घरात किती मोठी माणसे आहेत?" असे फोनवर विचारल्यावर तिने "मी एकटीच" म्हटले होते, आणि तेव्हा तिच्या मते ते खरेच होते. पण आता कळले होते. कळल्यानंतर गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणेच.

रात्री जावयाचा फोन लागला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अब्बा, बोटीवर माझा फक्त बिछाना आहे. घर तेच आहे. लिहून टाकू द्या तिला." त्या एका वाक्यावर आम्हाला जावई नव्याने कळला. या पैशातून रस्त्यावरचे दिवे लागतात, कचरा उचलला जातो, म्हाताऱ्या-आजाऱ्यांची देखभाल होते. हा सगळ्यांचा पैसा, सगळ्यांची अमानत. त्यातला चौथा हिस्सा हक्क नसताना ठेवून घेणे म्हणजे हुकूकुल इबादमध्ये कसूर. लेकीने दुसऱ्या दिवशी कौन्सिलला कळवले. सुधारित बिल आले. मागची रक्कम हप्त्यांत भरायची सवलत मिळाली. परिस्थिती बदलल्याचे वेळेत न कळवल्यास ७० पौंड दंड होऊ शकतो. तिने स्वतःहून सांगितले म्हणून तो लावला नाही.

'बँड' म्हणजे काय?

त्या सुधारित बिलाच्या कोपऱ्यात एक अक्षर होते: सी. इतके दिवस त्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

कर किती, हे या अक्षरावर ठरते. कौन्सिल टॅक्स १९९३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. त्याआधी माणशी एकसारखा 'पोल टॅक्स' होता आणि त्यावरून मोठा असंतोष उसळला होता. नव्या करासाठी देशातल्या प्रत्येक घराची किंमत घाईघाईने ठरवावी लागली. मूल्यांकन करणारे अनेकदा गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. रस्त्यावरून जाता जाता घराकडे पाहून अक्षर लिहिले गेले. 'गाडीच्या दुसऱ्या गियरमधले मूल्यांकन' अशी तिथे त्याची थट्टा होते. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये आजही १ एप्रिल १९९१ ची किंमतच धरतात. काल बांधलेल्या घराचीही, ते १९९१ मध्ये असते तर कितीला विकले गेले असते, असा अंदाज करतात. मागच्या तीसेक वर्षांत सर्व घरांचे नवे मूल्यांकन तिथे झालेले नाही.

इंग्लंडमध्ये १९९१ च्या किमतीप्रमाणे ४०,००० पौंडांपर्यंत ए, ५२,००० पर्यंत बी, ६८,००० पर्यंत सी, ८८,००० पर्यंत डी, १,२०,००० पर्यंत ई, १,६०,००० पर्यंत एफ, ३,२०,००० पर्यंत जी आणि त्यापुढे एच. डी बँडच्या घराला नऊ भाग कर धरला तर ए ला सहा, बी ला सात, सी ला आठ आणि सर्वांत वरच्या एच ला अठरा भाग. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात डी बँडचा सरासरी कर २,२८० पौंड होता. म्हणजे बी आणि सी यांत वर्षाला सुमारे २५३ पौंडांचा फरक. वेल्समध्ये २००३ ची किंमत धरतात आणि ए ते आय असे नऊ बँड आहेत. स्कॉटलंडचे बँड ठरवणारे अधिकारी वेगळे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये हा करच नाही, तिथली पद्धत निराळी आहे.

बँडला हरकत कशी घ्यावी

कोणत्या घराला कोणता बँड आहे, हे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. लेकीने आपली गल्ली काढली. एकाच साच्यातली, एकाच काळातली घरे. तिच्या डाव्या-उजव्या बाजूची आणि पुढची चार बी मध्ये. फक्त तिचे सी मध्ये.

एवढ्यावर उडी मारू नये. कधी आपले घर बरोबर असते आणि शेजाऱ्यांचीच कमी बँडमध्ये पडलेली असतात. मागे वाढवलेली खोलीही कारण असू शकते. घर वाढवले तरी बँड लगेच चढत नाही, ते पुढे विकले गेले की मग चढू शकतो. म्हणून दुसरी खात्री हवी, ती म्हणजे १९९१ च्या आसपासची खरी किंमत. इंग्लंडमध्ये १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळातल्या विक्रीचा पुरावा चालतो.

पलीकडच्या घरात एक वयस्क गुजराती काका राहतात. जुम्याच्या नमाजला जाता-येता ओळख झाली होती. त्यांनी ते घर १९९० मध्ये घेतलेले, ४५,००० पौंडांना. कागद अजून जपून ठेवलेला. ४५,००० म्हणजे सरळ बी.

तरीही अर्ज करण्याआधी लेकीने तीन शेजाऱ्यांना विचारले. कारण हरकत घेतली की बँड खाली येतो, तसाच राहतो किंवा वरही जाऊ शकतो, आणि तपासणीत आजूबाजूच्या घरांचेही अक्षर बदलू शकते. आपल्या फायद्यासाठी शेजाऱ्याला अंधारात ठेवून त्याचे नुकसान ओढवू नये. काका हसून म्हणाले, "बेटी, कागद आहे ना? मग घाबरायचे कशाला?"

हे काम कौन्सिलचे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराचे मूल्य ठरवणारी वेगळी सरकारी यंत्रणा आहे. रीतसर हरकत घेण्याचा हक्क, त्या घराचे करदाते झाल्यापासून सहा महिन्यांत असतो. भाडेकरूलाही तो आहे, कारण करदाता तोच. लेकीचे सहा महिने भरायला अकरा दिवस उरले होते. मुदत गेली तरी भक्कम पुरावा देऊन फेरतपासणी मागता येते, पण ती करायची की नाही हे त्यांच्यावर. आपल्यासारख्या पाच घरांपर्यंतचे पत्ते आणि बँड द्यावेत. घरे त्याच प्रकारची, त्याच आकाराची, त्याच वयाची हवीत. अर्जाला फी नाही. "आम्ही पैसे मिळवून देतो, त्यातला हिस्सा द्या" म्हणणाऱ्या दलालांची गरज नाही. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत मूल्यांकन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, तेही फुकट.

बिल चुकीच्या नावावर आहे, सूट नाकारली, अशी तक्रार असेल तर मात्र ती कौन्सिलकडेच लेखी करायची. दोन महिन्यांत समाधान झाले नाही, तर त्याच न्यायाधिकरणाकडे जाता येते.

निर्णय होईपर्यंत आहे तो कर भरत राहावा. "माझी तक्रार चालू आहे" म्हणून हप्ता थांबवू नये. हप्ता चुकला की आधी स्मरणपत्र, मग वर्षाची उरलेली रक्कम एकदम भरण्याची मागणी, पुढे कोर्टाचे समन्स आणि वसुलीवाले दारात. जाणूनबुजून कर न भरणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद इंग्लंडच्या कायद्यात राहिली. वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली. हाताशी पैसे कमी असतील तर दहाऐवजी बारा हप्ते मागता येतात. मागायला संकोच करू नये.

लेकीचे पत्र

आम्ही ऑक्टोबरमध्ये परतलो. पंधरा दिवसांनी लेकीने एका पत्राचा फोटो पाठवला. घराचा बँड बी करण्यात आला होता, आणि ती राहायला आल्या दिवसापासूनचा जादा भरलेला कर परत मिळणार होता. सूट सोडल्यामुळे जे भरावे लागत होते, ते सगळे काही यातून भरून निघाले नाही. हिशेब केला तर आजही ती थोडे जास्तच भरते.

पण तिने खाली लिहिले होते: "अम्मी, आता पाकीट आले की मी लगेच उघडते." आम्हाला यातच सगळे मिळाले. जे आपले नव्हते ते तिने परत केले, आणि जे आपले होते ते मागून घेतले. दोन्हीसाठी सारखेच धैर्य लागते. आपली मुले जेथे असतील तेथे त्यांनी हे दोन्ही करावे, कोणाचा हक्क मारू नये आणि आपला सोडू नये. अल्लाह त्यांना ती समज देवो.